शाओलिनची कुळकथा आणि आमचा नवशिका

छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजीं झाली. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या पाठीशीं ज्या टेकड्या आहेत, त्यांच्या पोटांत बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. आणि विद्यापीठाच्या आवारांतच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे. आमचे महाविद्यालयीन तरुण हल्लीं जे खेळ शिकूं लागतात, त्यांत कुस्ती व कबड्डी यांच्या जोडीला ज्यूदो, तायक्वांदो आणि चिनी वुशू यांचाही समावेश झाला आहे. वुशूच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भरतात. १९९० च्या बीजिंग येथील आशियाई सामन्यांपासून या खेळास तेथें स्थान मिळालें. आणि २०२३ सालीं हांगचौ येथें मणिपूरच्या रोशिबिना देवीनें त्यांत रौप्यपदक मिळविलें. तेव्हां आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशीं घरीं येऊन "मी चिनी मुष्टियुद्धाच्या वर्गांत नांव घातलें" असें म्हणाली, तर वडील मंडळींनीं चकित होण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.

अशा वर्गांत पाऊल टाकणाऱ्या नवशिक्यास हातपाय हलवावयास शिकविण्यापूर्वींच बहुधा एक गोष्ट सांगितली जाते. ती अशी कीं, बोधिधर्म नांवाचा एक हिंदी राजपुत्र संन्यास घेऊन चीन देशीं गेला. शाओलिनच्या विहारांत नऊ वर्षें भिंतीकडे तोंड करून बसला. तेथील भिक्षु ध्यानानें कृश झालेले पाहून त्यानें त्यांस व्यायाम शिकविला. आणि त्यांतूनच चीनची सारी युद्धविद्या जन्मास आली. सबब, बाळा, तूं जें शिकावयास आला आहेस तें मूळचें आपलेंच आहे! ही कथा ऐकून कोणाची छाती फुगणार नाहीं? २०११ सालीं एका तमिळ चित्रपटानें ती मोठ्या थाटांत पडद्यावर मांडली. आमच्या प्रांतीं तर तिला अधिकच गोडी आहे, कारण अजिंठा व वेरूळ हीं आमच्याच जिल्ह्यांत आहेत. या लेखांत त्या कुळकथेचाच ऐतिहासिक विचार करावयाचा आम्ही योजिलें आहे. हा विचार केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं. शिकावयास बसलेल्या मुलानें कोणत्या वृत्तीनें बसावें, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे.

प्रथम बोधिधर्माची साक्ष पाहूं. त्याचा सर्वांत जुना उल्लेख लोयांग नगरींतील विहारांचें वर्णन करणाऱ्या यांग श्वानचिः याच्या इ. स. ५४७ च्या ग्रंथांत येतो. तेथें तो इराणांतून आलेला, स्वतःस दीडशें वर्षांचा म्हणविणारा आणि एका उंच स्तूपाचें वैभव पाहून हात जोडणारा यति आहे. पुढें सातव्या शतकांतील भिक्षुचरित्रांत तो दक्षिण हिंदुस्थानांतील ब्राह्मण होतो. त्याचा शाओलिनशीं जोडलेला संबंध आणखी मागाहूनचा. यांपैकीं एकाही जुन्या ग्रंथांत मुष्टियुद्धाचा चकार शब्द नाहीं. त्यानें व्यायाम शिकविला असें सांगणारा ग्रंथ म्हणजे 'यी चिन चिंग'. त्याचें नांव मराठींत 'स्नायुपरिवर्तनसूत्र' असें करतां येईल. या पुस्तकास ६२८ सालची म्हणून एका प्रसिद्ध सेनापतीची प्रस्तावना जोडलेली आहे. परंतु त्या सेनापतीस हें पुस्तक ज्या दाढीवाल्या वीराकडून मिळालें असें तींत म्हटलें आहे, तो वीर नंतरच्या काळांतील एका अद्भुत कथेंतील कल्पित पात्र आहे! पुस्तकाच्या अखेरीस १६२४ सालचा जो लेख आहे, तोच त्याच्या खऱ्या जन्मकाळाच्या जवळचा. अठराव्या शतकांतील लिंग थिंगखान या चिनी विद्वानानेंच ही लबाडी ओळखली होती. आणि १९३० च्या सुमारास तांग हाओ या संशोधकानें शाओलिनविषयक आपल्या ग्रंथांत या कथेचा पुरता निकाल लावला. तथापि १९०४ ते १९०७ च्या दरम्यान निघालेली एक लोकप्रिय कादंबरी आणि १९१५ मधील 'शाओलिन मुष्टियुद्धाचीं रहस्यें' अशा अर्थाच्या नांवाचें एक पुस्तक यांनीं ती तोंवर घरोघर पोहोंचविली होती. खंडनाचे पाय नेहमींच कथेच्या पायांपेक्षां मंद चालतात.

मग शाओलिनचा आणि हिंदुस्थानचा संबंध नाहींच काय? आहे, आणि तो निर्विवाद आहे. हा विहार इ. स. ४९६ च्या सुमारास उत्तर वेइ घराण्याच्या श्याओवन सम्राटानें ज्या भिक्षूसाठीं बांधिला, तो बातुओ हा हिंदी होता. त्याच्या चिनी नांवाचें मूळ संस्कृत रूप कांहीं लेखक 'बुद्धभद्र' असें देतात. येथें अजिंठा पाहिलेल्या मराठी वाचकाचे कान टवकारतील. कारण अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांतील शिलालेखांत तें लेणें करविणाऱ्या भिक्षूचें नांव बुद्धभद्र असेंच आहे, आणि तो काळही पांचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा! एवढ्या सामग्रीवर एखादा हौशी लेखक अजिंठ्याच्या बुद्धभद्रास डोंगर-वाळवंटें ओलांडून शाओलिनच्या दारांत नेऊन उभा करील. आम्हांस तो मोह आवरला पाहिजे. बौद्ध संघांत बुद्धभद्र हें नांव आमच्या गांवांतील विठोबा-ज्ञानोबांप्रमाणें सर्रास होतें. बातुओचें मूळ नांव नक्की काय हेंही चिनी अक्षरांवरून निःसंशय ठरत नाहीं. आणि अजिंठ्याच्या लेखांत चीनचें नांवही नाहीं. नांवांचें साम्य हें शोधाचें निमित्त होऊं शकतें. तें पुरावा मात्र होऊं शकत नाहीं.

परंतु या दोन ठिकाणांमध्यें एक खराखुरा दुवा आहे, आणि तो आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील अत्यंत बोलका साक्षीदार आहे. तो म्हणजे ह्युएनत्संग. हा थोर प्रवासी इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रांत आला. येथील लोकांविषयीं त्यानें लिहिलेलें वर्णन सुप्रसिद्ध आहे: उपकार न विसरणारे, अपमान न सोसणारे, सूड घेण्यापूर्वीं शत्रूस आगाऊ सूचना देणारे असे हे लोक, राजाच्या पदरीं शेंकडों वीर, युद्धापूर्वीं ते स्वतः मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, पराभूत सेनापतीस दुसरी शिक्षा न देतां स्त्रियांचीं वस्त्रें देतात. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत, अंधाऱ्या दरींत कोरलेल्या एका विहाराचेंही तो वर्णन करितो. त्याचा कर्ता म्हणून तो आचार नांवाच्या अर्हताचा निर्देश करितो. सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखांतही अचल नांवाच्या स्थविराचा उल्लेख आहे. या मेळावरून विद्वानांनीं तो विहार अजिंठाच असें ठरविलें आहे.

आतां गंमत अशी कीं, हाच ह्युएनत्संग जन्मानें लोयांगजवळचा, म्हणजे शाओलिनच्याच टापूंतला. ६४५ सालीं तो स्वदेशीं परतला, तेव्हां आणलेल्या ग्रंथांचें भाषांतर करण्यासाठीं आपणांस शाओलिन विहारांत राहूं द्यावें अशी विनंती त्यानें ताइत्सुंग सम्राटास केली. ती नाकारली गेली. पुढें ६५७ सालीं त्यानें पुढील सम्राटाकडे पुन्हां तीच इच्छा प्रकट केली व तीही व्यर्थ गेली. ताइत्सुंग सम्राट शाओलिनला चांगला ओळखत होता. कारण ६२१ सालीं, तो राजपुत्र ली शिमिन असतांना, याच विहाराच्या भिक्षूंनीं त्याच्या शत्रूविरुद्ध शस्त्र धरिलें होतें, आणि त्याबद्दलचें त्याचें आभारपत्र ७२८ मध्यें उभारलेल्या शिलेवर आजही वाचावयास मिळतें. सारांश, महाराष्ट्राचे योद्धे, अजिंठ्याचे विहार आणि शाओलिन या तिन्ही गोष्टी ज्याच्या एकाच मस्तकांत नांदत होत्या, असा हा पुरुष. हिंदुस्थानची प्रत्येक पवित्र वस्तु चीनला कळावी म्हणून त्यानें आयुष्य वेंचिलें. शाओलिनची युद्धविद्या एका हिंदी यतीची देणगी आहे अशी समजूत त्याच्या काळीं असती, तर ती सांगण्यास त्याच्याइतका उत्सुक दुसरा कोण होता? पण तो त्याविषयीं एक अक्षरही लिहीत नाहीं. मौन हा निर्णायक पुरावा नव्हे हें खरें; परंतु ज्यास बोलण्याचें सर्वाधिक कारण होतें त्याचें मौन वजनदार असतें.

हिंदुस्थानांतून शाओलिनला जें खरोखर गेलें, तें कवायतीहून सूक्ष्म होतें. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या जोडीस जें भव्य चित्र आहे, त्यास सामान्यतः वज्रपाणि म्हणतात. हा वज्रधारी रक्षक वायव्येच्या मार्गानें मध्य आशियांतून चीनला पोहोंचला आणि तेथें बळाची देवता बनला. बातुओचा शिष्य सेंगचौ याची एक कथा आठव्या शतकाच्या आरंभींच्या एका चिनी लेखकानें सांगितली आहे. सेंगचौ हा प्रथम दुबळा होता. बरोबरीचे नवशिके कुस्ती खेळतांना त्याची टर उडवीत. तो वज्रपाणीच्या मूर्तीपुढें धरणें धरून बसला कीं, मला बळ दे, नाहींतर मी येथेंच प्राण देईन. सहा दिवसांनीं देव प्रकट झाला व त्यानें त्यास शक्ति दिली. शाओलिनमधील १५१७ च्या एका शिलेवर विहाराचें दंडधारी रक्षण करणाऱ्या देवतेचें नांव तर चक्क 'नारायण' असें येतें. चिनी बौद्धांत तें वज्रपाणीचेंच एक नांव होय. आमच्या विद्यापीठामागील सातव्या लेण्यांत अवलोकितेश्वर भक्तांना चोर, हत्ती, सिंह आदि आठ भयांपासून सोडवितो असें शिल्प आहे. तोच बोधिसत्त्व चीनमध्यें क्वानयिन झाला. भयांतून सुटका आणि दुबळ्यास बळ ही श्रद्धा येथून तेथें गेली. ठोसा कसा मारावा आणि दंड कसा फिरवावा हें त्यांचें त्यांनींच शोधिलें. ज्या १६१० च्या सुमारास मलिक अंबर आमच्या या नगराचें मूळ जें खडकी गांव तें वसवीत होता, त्याच सुमारास छंग चुंगयौ यानें शाओलिनच्या दंडविद्येवर ग्रंथ लिहिला. त्यावरून दिसतें कीं, तेव्हां विहाराची कीर्ति दंडाबद्दल होती. नुसत्या हातांच्या लढतीस तेथें नुकताच भर येऊं लागला होता. म्हणजे ज्यास जग आज शाओलिनचें मुष्टियुद्ध म्हणतें, तें मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढें वाढलेलें झाड आहे.

अशा कुळकथा केवळ चिन्यांसच लागतात असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या मल्लखांबाची कथा पहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब असे दोन पहिलवान पुण्यास आले. त्यांचें आव्हान बाळंभटदादा देवधरांनीं स्वीकारिलें. वणीच्या सप्तशृंगीची त्यांनीं आराधना केली. आणि वानरांच्या क्रीडेवरून त्यांस मल्लखांब सुचला, अशी परंपरा आहे. वस्तुतः कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मल्लविनोद' या नांवाचें प्रकरणच आहे; त्यांत मल्लांचे वर्ग, त्यांची मेहनत आणि राजानें पुरवावयाचा खुराक हें सर्व सांगितलें असून, मल्लखांबाच्या इतिहासांत प्रथम दाखला याच ग्रंथाचा दिला जातो. बाळंभटदादांचें पुनरुज्जीवनाचें कार्य खरें व मोठें आहे. त्यास देवी आणि वानर यांची जोड लोकांच्या भक्तीनें दिली. विद्या जेव्हां अंगानें शिकविली जाते आणि कागदावर उतरत नाहीं, तेव्हां तिला आईबाप शोधावे लागतात. कोणीतरी देव, कोणीतरी यति आणि एखादें जनावर यांच्यावांचून तालमीची वंशावळ पुरी होत नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. नवशिक्यानें वर्गणी भरून, ठराविक वेळीं, रांगेंत उभें राहून शिकावयाचें ही पद्धति प्राचीन नाहीं. पूर्वीं विद्या गुरूच्या घरीं किंवा वस्तादाच्या हौद्यांतच मिळत असे. १९१० सालीं शांघाय येथें हुओ युआनच्या या मल्लाच्या नांवाभोंवतीं चिंगवू संस्था निघाली. तिनें निरनिराळ्या घराण्यांची विद्या एका छताखालीं आणिली, आरंभींच्यांसाठीं दहा मूलभूत संच ठरविले, सचित्र पुस्तकें छापिलीं आणि स्त्रियांसही दार उघडिलें. आमच्याकडे वैद्य बंधूंनीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें तें १९१४ सालीं, आणि पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मधलें. दोन्हीं देशांस परक्यांनीं दुबळे म्हणून हिणविलें होतें, आणि दोघांनींही त्यास आखाड्यांतून उत्तर दिलें. इतिहासानें या दोन प्रवाहांची गांठही घालून दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानें चीनच्या पथकानें तेथें आपल्या युद्धविद्येचे प्रयोग दाखविले, त्यांत तीन स्त्रियाही होत्या; आणि त्याच प्रसंगीं अमरावतीच्या पथकानें मल्लखांब, कबड्डी आदि मराठी खेळ दाखविले. इकडे रवींद्रनाथांनीं १९०५ पासूनच शांतिनिकेतनांत जपानी शिक्षक आणून विद्यार्थ्यांस ज्युजुत्सु शिकविण्याचा उपक्रम केला होता, व १९२९ मध्यें पुन्हां ताकागाकी या ज्यूदोपटूस बोलाविलें. "हें मूळचें आमचेंच" असा दावा त्यांनीं केला नाहीं. चांगलें आहे व आमच्यापाशीं नाहीं, म्हणून आम्हांस हवें, एवढें त्यांस पुरेसें वाटलें.

कोणी म्हणेल, एखादी गोड दंतकथा मुलांनीं उराशीं धरिली तर बिघडलें काय? १९०० सालीं चीनमध्यें परक्यांविरुद्ध जो उठाव झाला, त्यांतील हजारों खेडुत मुष्टियोद्ध्यांस असें पढविलें होतें कीं, विशिष्ट मंत्र व कवायती केल्यानें बंदुकीची गोळी अंगांत शिरत नाहीं. तो उठाव मोडण्यास गेलेल्या सैन्यांत इंग्रजांच्या हिंदी पलटणीही होत्या. गोळ्या शिरल्या. त्या खेडुतांचा राग खरा होता, धैर्य खरें होतें. खोटी होती ती केवळ त्यांस सांगितलेली गोष्ट, आणि तिची किंमत त्यांनीं प्राणांनीं दिली. सर्वच कुळकथा इतक्या घातक नसतात हें कबूल. परंतु शरीराच्या विद्येंत खोट्यास थारा दिला कीं तें केव्हां आणि कोणाच्या अंगावर उलटेल हें सांगतां येत नाहीं.

आमच्या नवशिक्याचें नुकसान याहून सौम्य पण अधिक सार्वत्रिक आहे. जें आपलेंच आहे असें वाटतें, तें शिकावयास मनुष्य वांकत नाहीं. 'कुंग-फू' या शब्दाचा मूळ अर्थ युद्ध असा नाहींच. दीर्घकाल श्रम करून मिळविलेलें कौशल्य असा त्याचा अर्थ आहे, मग तें स्वयंपाक्याचें असो वा चित्रकाराचें. आमच्या तालमींत ज्यास 'मेहनत' म्हणतात त्याच्या अगदीं जवळचा हा शब्द. चिनी वर्गांत नवशिक्यास प्रथम घोड्यावर बसल्याप्रमाणें गुडघे वांकवून, मांड्या थरथरेपर्यंत नुसतें उभें करतात. आमच्या तालमींत त्याच्याकडून हौद्यांतली तांबडी माती उकरून घेतात व जोर-बैठका काढवितात. तेथें मूठ व तळवा एकत्र करून नमस्कार, येथें मातीस हात लावून तो कपाळीं. कमरेचा रंगीत पट्टा, जो हल्लीं अनेक ठिकाणीं चिनी म्हणून बांधतात, तो वस्तुतः जपानच्या ज्यूदोंतून आलेला आहे. अशा देवघेवींत कोणाचेंच कुळ निर्भेळ राहिलेलें नाहीं, आणि त्यांत कोणास कमीपणाही नाहीं.

छी चिक्वांग हा मिंग काळांतील मोठा सेनापति. १५६० च्या सुमारास चांच्यांशीं लढण्यासाठीं त्यानें शेतकऱ्यांचीं पोरें सैनिक म्हणून तयार केलीं व त्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. त्यांत मुष्टियुद्धाचें एक प्रकरण आहे. मोठ्या लढाईंत या विद्येचा फारसा उपयोग नाहीं हें तो स्पष्ट सांगतो; पण तिनें हातपाय मोकळे होतात, शरीरास श्रमांची संवय लागते आणि म्हणून नवशिक्यानें शस्त्रविद्येंत प्रवेश करण्याचें तें द्वार आहे, असें त्याचें मत आहे. सोळा शतकांची वंशावळ त्यानें सांगितली नाहीं, गोळी न लागण्याचें आश्वासनही दिलें नाहीं. ज्यानें खरीं युद्धें जिंकलीं, त्याचा दावा इतका माफक असावा, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

म्हणून ज्या घरांतील मुलें या वर्गांत जाऊं इच्छितात, त्यांच्या वडील मंडळींस आमचें सांगणें आहे कीं, त्यांस अवश्य जाऊं द्यावें. शिक्षकानें बोधिधर्माची गोष्ट सांगितली तर ती गोष्ट म्हणून आनंदानें ऐकावी, कीर्तनांतील आख्यान ऐकतों तशी. सुटीच्या दिवशीं त्याच मुलांस अजिंठ्यास न्यावें, आणि ह्युएनत्संगानें ज्याचें वर्णन लिहून ठेविलें तो डोंगर दाखवावा. तो मनुष्य परक्या देशीं सतरा वर्षें विद्यार्थी होऊन हिंडला, आणि ही विद्या मूळची आमचीच असें कोठें म्हणाला नाहीं. चीनकडून आमच्या मुलांनीं घ्यावयाचें असेल तर त्याचें हें विद्यार्थीपण आधीं घ्यावें. ठोसे आणि लाथा मेहनतीनें मागाहून येतील.